‘काही होत नाही’ हे उत्तर पुरेसे नाही

दीड महिन्याच्या बाळाला सरकारी लसीकरण सत्रात एकाच दिवशी पाच लशी मिळतात. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसची लस तोंडावाटे; पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीत, न्यूमोकोकल उजव्या मांडीत आणि पोलिओचीच टोचायची लस उजव्या दंडावर. घरी आल्यावर बाळ किरकिरते, अंग तापते, दूध नको म्हणते. रात्री एखादी उलटी होते आणि दुसऱ्या दिवशी शी नेहमीपेक्षा पातळ, हिरवट दिसते. आई आशाताईंना फोन लावते. पलीकडून उत्तर येते, “काही नाही गं, होतं असं.” घरात तोवर आजीचा निकाल लागलेला असतो: डोस बाधला.

या दोन्ही उत्तरांनी आईच्या हाती काहीच लागत नाही. पहिले उत्तर तिची काळजी झटकून टाकते, दुसरे तिला पुढच्या डोसापासून दूर नेते. तिला हवे असते ते साधे आणि नेमके: आज दिलेल्यांपैकी कोणत्या लशीने पोटाला काय होऊ शकते, ते किती दिवस टिकते, आणि कोणते लक्षण दिसले की रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. हे सांगायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे न दिल्याची किंमत मात्र बाळ मोजते.

सरकारी नियमात या दोन मिनिटांची तरतूद आहे. लस दिल्यावर पालकांना चार गोष्टी सांगाव्यात, असे प्रत्येक परिचारिकेला प्रशिक्षणात शिकवले जाते. आज कोणती लस दिली आणि ती कोणत्या आजारापासून वाचवते. तिचे कोणते त्रास होऊ शकतात आणि झाल्यास काय करायचे. पुढचा डोस कधी. आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी घेऊन या. यातली पुढची तारीख सांगितली जाते, कार्डाचेही बजावले जाते. गर्दीच्या दिवशी गळते ते दुसरे वाक्य, आणि सांगितलेच तर ‘ताप येईल, ही गोळी द्या’ एवढ्यावर भागते. पोटाचा उल्लेख फार क्वचित होतो.

खरे तर पोटाच्या तक्रारींबद्दल वैद्यकाकडे जुनी आणि चांगली माहिती आहे. पेंटाव्हॅलंटमध्ये घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याची लस असते. आपल्या सरकारी कार्यक्रमात डांग्या खोकल्याचा घटक संपूर्ण जिवाणू मारून केलेला असतो आणि त्रास होतो तो बहुधा त्यामुळेच. अमेरिकेत या तिहेरी लशीच्या पंधरा हजारांहून अधिक डोसांची नोंद ठेवून एक मोठा अभ्यास झाला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोसानंतरच्या ४८ तासांत १०० पैकी सुमारे ६ मुलांना उलटी झाली आणि २१ मुलांची भूक मंदावली. डांग्या खोकल्याचा घटक वगळून लस दिलेल्या मुलांत हेच प्रमाण अनुक्रमे ३ च्या आत आणि ७ होते. म्हणजे ‘डोसानंतर बाळ ओकलं’ हा आईचा भ्रम नाही. लशीने उलटी होऊ शकते आणि भूक तर बऱ्याच मुलांची जाते. पण ती पहिल्या दोन दिवसांतली गोष्ट असते आणि आपोआप ओसरते.

रोटाव्हायरसच्या लशीचे गणित आणखी बोलके आहे. या लशीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो आणि तो आतड्यातच वाढतो. त्यामुळे तिने पोट थोडे बिघडावे यात नवल नाही. ‘रोटाटेक’ या अमेरिकी लशीच्या चाचण्यांत डोसानंतरच्या ४२ दिवसांत १०० पैकी २४ बाळांना जुलाब झाले. हा आकडा एकटा वाचला तर कोणीही दचकेल. पण त्याच चाचण्यांत ज्या बाळांना लशीऐवजी औषधविरहित द्रव पाजला होता, त्यांच्यातही १०० पैकी २१ जणांना जुलाब झालेच. लशीच्या वाट्याला आले ते फक्त तीन. बाकीच्या एकवीस बाळांचे पोट एरवीही बिघडणारच होते, कारण तान्ह्या मुलांचे पोट वारंवार बिघडते.

नेमका घोटाळा होतो तो इथेच, आणि बाळाचे वय त्यात भर घालते. मराठी घरांत बाळंतीण सव्वा महिना खोलीत असते. सव्वा महिना संपतो, ती देवाला जाऊन येते, पाहुणे येऊन बाळाला हातावर घेतात, आणि त्यानंतर काही दिवसांतच दीड महिन्याचा डोस येतो. बाळांचे रडणे याच सुमारास शिगेला पोहोचते. पोट दुखत असावे असे वाटायला लावणारे, संध्याकाळी सुरू होऊन तास-तास चालणारे रडणे सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक असते, लस दिलेली असो वा नसो. शीचा क्रमही याच वेळी बदलतो. अंगावर पिणारे बाळ पहिल्या महिन्यात दिवसाला आठ-दहा वेळा पिवळी, पातळ शी करू शकते. पुढे तेच बाळ चार-चार दिवस, कधी आठवडाभर शी करत नाही. दोन्ही प्रकार निरोगी बाळाचेच. पण हा बदल डोसाच्या आठवड्यात दिसला की दोष डोसावर येतो. त्यात कोणी बाळगुटी उगाळून चाटवते, कोणी ग्राइप वॉटर पाजते, आणि खरे कारण शोधणे आणखी अवघड होते.

नवव्या महिन्याच्या डोसाची गत निराळी. तोवर उष्टावण होऊन गेलेली असते, भाताची पेज आणि वरणाचे पाणी सुरू झालेले असते, बाळ रांगत असते आणि जमिनीवर सापडेल ते तोंडात घालत असते. त्या दिवशी गोवर-रुबेलाची लस टोचतात, न्यूमोकोकलचा आणि टोचायच्या पोलिओचा पुढचा डोसही असतो, आणि सोबत जीवनसत्त्व अ चे एक लाख युनिटचे औषध पाजतात. या मोठ्या मात्रेने काही मुलांना एक-दोन दिवस उलटी किंवा पातळ शी होते, हे माहीत असलेले आहे. गोवराची लस मात्र आपले काम सावकाश करते. तिचा ताप किंवा पुरळ साधारण सात ते बारा दिवसांनी येतो. दुसऱ्याच दिवशी लागलेल्या जुलाबांसाठी गोवराच्या लशीला दोषी धरणे चुकीचे ठरते. आणि ‘दात येतायत म्हणून’ हे कारणही टिकत नाही. दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, बाळ चिडते. पण जुलाब दातांनी लागत नाहीत. ते तोंडात गेलेल्या अस्वच्छ हातांनी आणि खेळण्यांनी लागतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग ‘होतं असं’ म्हणणाऱ्या आशाताईंचे चुकले काय? चुकले ते इथे, की पोटाची प्रत्येक तक्रार साधी नसते. १९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘रोटाशील्ड’ नावाची रोटाव्हायरसची पहिली लस मंजूर झाली. वर्षही पुरे झाले नाही तोच काही बाळांच्या आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. तिथे लशीनंतर घडलेले काहीही कळवण्याची व्यवस्था पालकांसह सर्वांना खुली होती. अशा १५ घटनांची नोंद झाल्यावर जुलै १९९९ मध्ये लस थांबवण्यात आली आणि ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून काढून घेतली गेली. पुढच्या अभ्यासांत धोका साधारण दहा हजार बाळांमागे एक असा निघाला. पंधरा तक्रारी कोणी ‘होतं असं’ म्हणून बाजूला ठेवल्या असत्या तर हे कधी कळले असते? त्यानंतरच्या दोन लशींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर कराव्या लागल्या, त्या याच धड्यामुळे.

भारताची स्वतःची लस ‘रोटाव्हॅक’ हिची गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. दिल्लीतल्या ‘एम्स’मध्ये १९८० च्या दशकात नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूपासून ती बनली, डॉ. महाराज किशन भान यांनी त्यामागे आयुष्यातली अनेक वर्षे घातली. तिची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथे झाली. वढूचे काम पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने पाहिले. एकंदर ६,७९९ बाळे त्यात होती आणि पहिल्या वर्षात रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. ‘रोटासील’ ही दुसरी भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. २०१६ मध्ये चार राज्यांपासून सुरुवात करून रोटाव्हायरसची लस पुढे देशभरच्या सरकारी कार्यक्रमात आली. आतडे अडकण्याचा धोका भारतीय लशीमुळे वाढतो का, हे दहा राज्यांतील रुग्णालयांतून तपासण्यात आले. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात तसा वाढीव धोका आढळला नाही.

असे अडकणे लशीशिवायही होते, विशेषतः चार ते दहा महिन्यांच्या बाळांत. म्हणून लक्षणे प्रत्येक आईला ठाऊक असायला हवीत. बाळ अचानक किंचाळून रडते, पाय पोटाशी ओढून घेते, काही मिनिटांनी शांत आणि मलूल होते, आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा तेच. उलटी हिरवी होते. शीत रक्त आणि आव पडते, तिला जांभळट लाल रंग येतो. हे दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. सोनोग्राफीने निदान होते, आणि वेळेत पोहोचले तर बहुतेक बाळांचे आतडे गुदद्वारातून हवेचा किंवा पाण्याचा दाब देऊन सोडवता येते. उशीर झाला तर शस्त्रक्रिया.

महाराष्ट्रानेही ‘लशीनंतर उलटी’ या तक्रारीचे एक वेगळेच रूप पाहिले आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी गावात पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालील बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात निर्जंतुक करायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना त्रास होऊ लागल्यावर प्रकार उघडकीस आला. सर्व मुले यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि सुखरूप राहिली. संबंधित कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. लशीचा तिथे काही दोष नव्हता, ती मुलांच्या पोटात गेलीच नव्हती. पण त्या उलट्या खऱ्या होत्या. लसीकरणानंतरच्या घटनांची वर्गवारी करताना आरोग्य यंत्रणा लशीचा गुणधर्म, लशीतला दोष, देण्यातली चूक, भीतीने झालेला त्रास आणि निव्वळ योगायोग असे पाच कप्पे करते. कोणती घटना कोणत्या कप्प्यात जाते हे चौकशीनंतर ठरते. आईने सांगितलेले कोणी ऐकलेच नाही तर चौकशी सुरूच होत नाही.

ऐकून न घेतल्यावर ती पोकळी कोण भरते हे ब्रिटनने अनुभवले आहे. १९९८ मध्ये लंडनच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखात अवघ्या बारा मुलांच्या नोंदींवरून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, आतड्याचा विकार आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवला. गाजली ती स्वमग्नता, पण लेखाचा पाया आतड्यांवरच होता. मांडणी खोटी ठरली. ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये लेख मागे घेतला आणि वेकफिल्ड यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. तोवर मुलांच्या पोटाच्या तक्रारी घेऊन आलेले हजारो पालक लशीपासून दुरावले होते आणि गोवर परतला होता.

महाराष्ट्रात हे घडणार नाही असे समजण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी ७३.५ टक्के मुलांचे मूलभूत लसीकरण पूर्ण होते. म्हणजे चारातले एक मूल कुठेतरी गळते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरातून गोवराची साथ पसरली आणि मुले दगावली. बाधितांत लस न मिळालेल्या मुलांची संख्या मोठी होती. गोवराची सर्वांत सामान्य गुंतागुंत कोणती? जुलाब. डोसाने पोट बिघडते म्हणून जे बाळ डोसापासून लपवले जाते, त्याच्या वाट्याला आजाराचे जुलाब येतात आणि ते दोन दिवसांत थांबत नाहीत. लस येण्यापूर्वी भारतात दरवर्षी पाच वर्षांखालील सुमारे ७८ हजार मुले रोटाव्हायरसच्या जुलाबांनी मरत असल्याचा आणि पावणेनऊ लाख मुले त्यापायी रुग्णालयात भरती होत असल्याचा अंदाज होता.

डोसानंतर पोट बिघडले तर घरी करायचे ते फार नाही, पण नीट करायला हवे. अंगावरचे दूध थांबवायचे नाही, उलट थोडे थोडे आणि वारंवार पाजायचे. ‘आईने अमुक खाल्लं म्हणून बाळाला बाधलं’ असे म्हणत ओल्या बाळंतिणीच्या ताटातले पदार्थ कमी करायचे नाहीत. पोटावर हिंग लावल्याने बिघडत नाही, पण हिंगाचे पाणी पाजणे, साखरेचे पाणी देणे, गुटी चाटवणे ही सगळी जंतूंना वाट करून देणे आहे. जुलाब चालू राहिले तर ओआरएस. आशाताईंकडे मिळणारे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवायचे. अर्धे पाकीट, अंदाजाने पाणी, असे करायचे नाही. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यायचे. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. त्यासोबत १४ दिवस झिंक: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. दीड महिन्याच्या बाळाला जुलाब लागले तर मात्र घरीच उपचार न करता डॉक्टरांना दाखवायचे. बाजारात ओआरएसच्या नावाखाली गोड पेये विकली जात होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव लावण्यास मनाई केली. दुकानातून आणताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असल्याचे वाचून घ्यावे.

तापाच्या औषधाबाबतही एक धोका सांगितलाच पाहिजे. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये साधारणपणे एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या १२५ च्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५. म्हणजे ड्रॉप्सचा एक मिलिलिटर हा सिरपच्या चार मिलिलिटरएवढा होतो. मोठ्या भावंडाचे सिरप आणि धाकट्याचे ड्रॉप्स एकाच फडताळात असतील तर मात्रेची गल्लत व्हायला वेळ लागत नाही, आणि जादा मात्रेचे पहिले लक्षण पुन्हा उलटीच. मात्रा वजनावरून ठरते. ती डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून कार्डावरच लिहून घ्यावी.

रोटाव्हायरसच्या लशीतला विषाणू काही दिवस शीतून बाहेर पडतो. म्हणून लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुणे एरवी गरजेचे असते, त्या आठवड्यात जास्तच. डोस पाजताच बाळाने तो थुंकला किंवा ओकला तर तिथल्या तिथे परिचारिकेला सांगावे. थांबायला सांगितलेला अर्धा तास त्यासाठीही असतो. सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळ दूध ओढत नाही, ताप दोन दिवसांपलीकडे गेला, शीत रक्त दिसले, यातले एकही लक्षण असेल तर डॉक्टर हवेतच.

आणि यंत्रणेकडे एक मागणी. माता-बाल संरक्षण कार्डावर पुढच्या डोसाच्या तारखेशेजारी मागच्या डोसानंतर काय झाले याची एक ओळ असावी, आणि प्रत्येक सत्राची सुरुवात ‘मागच्या वेळी बाळाला काय त्रास झाला?’ या प्रश्नाने व्हावी. परिचारिकेवरचा भार खरा आहे. एका सत्रात तिला लशी थंड ठेवायच्या असतात, नोंदी करायच्या असतात, रडणारी बाळे आणि घाईतले पालक सांभाळायचे असतात. तिला मदतनीस द्या, सत्रे वाढवा, पण हा प्रश्न वगळू नका.

तोवर पालकांनी स्वतःच सुरुवात करावी. डोसानंतर उलटी, जुलाब, ताप काय झाले, कोणत्या दिवशी सुरू झाले आणि कधी थांबले, हे कार्डाला टाचलेल्या कागदावर लिहावे, पुढच्या डोसाला तो कागद सोबत न्यावा, आणि परिचारिकेला तो वाचायला लावल्याशिवाय बाळाला मांडीवर घेऊन बसू नये.